राजाचा कान

पडद्यावर वनदेवीने डोळे वटारले आणि चित्रकाराने खुर्चीतच अंग चोरलं. ते डोळे त्याच्या बायकोचे होते. बायको शेजारीच बसली होती.

अ‍ॅनिमेशन स्टुडिओत सगळ्याच चित्रकारांच्या टेबलावर आरसा असे. पात्राला जो चेहरा द्यायचा, तो आधी आपण आरशात करायचा, मग काढायचा. जंगल तोडायला निघालेला राजा त्याला असाच सहज जमून गेला. वनदेवीचा राग मात्र काही केल्या जमेना. आरशात दिसे तो दाढ दुखणारा माणूस. तेवढ्यात घरी परसातल्या झाडाचा विषय निघाला. गाडीला जागा हवी, झाड तोडू या, असं तो म्हणाला मात्र, हवा तो राग समोर हजर! भांडण अर्ध्यावर टाकून तो कागद शोधायला पळाला.

ते झाड बायकोने लग्नानंतर या घरात आल्या आल्या लावलं होतं. "बरं बाई, फक्त फांद्या छाटू," असं म्हणून त्याने वेळ मारून नेली, आणि झाडवाल्याला सांगितलं की बुंध्यापासून तोड. तो उद्या येणार होता, बायको कामावर गेल्यावर.

आजचा खेळ घरच्यांसाठी होता. बायकोने स्वतःचे डोळे ओळखले, तर आपली धडगत नाही, एवढीच त्याला धास्ती. पण ती कुजबुजली, "ही वनदेवी बरी आहे हं. मला आवडली." त्याचा जीव भांड्यात पडला.

"जंगलाच्या एका पानालाही धक्का लागणार नाही," पडद्यावर राजाने शब्द दिला आणि डावा कान खाजवला.

बायकोच्या पलीकडे बसलेली त्याची आई फिसकन हसली. "खोटं बोलतोय मेला," ती सुनेला म्हणाली. "अगं, आपला हा लहानपणी साखर खाऊन अस्साच उभा राहायचा. 'मी नाही खाल्ली,' आणि हात कानाला."

सून हसली. हसता हसता थांबली. नवऱ्याकडे वळली. "उद्या फक्त फांद्याच छाटायच्या आहेत ना रे?"

"फक्त फांद्या," तो म्हणाला. हात कधी कानाशी पोचला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

पडद्यावर आणि शेजारच्या खुर्चीत, एकदमच दोन वनदेवींनी डोळे वटारले. शेजारच्या डोळ्यांत पाणीही होतं. ते त्याने काढलंच नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

तो उठून बाहेर गेला, फोन करून आला आणि निमूट जागेवर बसला.

"उद्या कुणी येणार नाही. झाड आहे तसंच राहील."

सासू-सुनेने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. दोघींनी वाकून आधी त्याचे हात पाहिले. दोन्ही मांडीवर होते.