कागदी पेल्यांची चुगली

नगरपालिकेच्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलंच नाही. सरळ कांद्याचं पोतं बाजूला सारलं आणि खाली लपवलेले कागदी पेले ओढून काढले.

"जत्रेत धुऊन वापरायचेच पेले चालतात, हे ठाऊक होतं ना?" त्या म्हणाल्या. "पुन्हा सापडलात तर ही जागा दुसऱ्याला देऊ."

हेल्वेने घाईघाईने मान डोलावली. वोरू गावच्या दर शनिवारच्या जत्रेतला हा कोपरा तिला आईकडून मिळालेला. काळ्या पावापासून आंबवलेली तिची काली प्यायला लोक वाट वाकडी करून इथे येत. कोपरा गेला तर घर चालायचं कसं?

बाई गेल्या तशी ती नवऱ्याकडे वळली. "एंडेल, चुगली कुणी केली?"

"मला काय विचारतेस?" एंडेल पिंपाची तोटी पुसत राहिला.

"शेजारचा ऊनोच! विकतो मासे आणि डोळा माझ्या कोपऱ्यावर."

"असेल."

एंडेल असाच, तोंडात मिठाची गुळणी धरलेला. लेक लीवी आईशी कडाक्याचं भांडून घर सोडून गेली, तेव्हाही तो गप्पच होता. त्या पोरीचं नाव या घरात निघणार नाही, असं हेल्वेने ठणकावलं होतं, आणि ते निघालंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिने नगरपालिकेचे जाड पेले घेतले. उष्टे पेले चर्चमागच्या तंबूत नेऊन धुवायचं काम एंडेलने आपणहून अंगावर घेतलं.

"तू दुकान सोडू नकोस," तो म्हणाला. "ऊनोवर लक्ष ठेव."

तिने ठेवलं. ऊनो नुसता खाकरला तरी तिला संशय येई. शेवटी तिला राहवेना.

"काय रे, मिळाला का माझा कोपरा?"

"वेड लागलंय का तुला? तुझी काली पिऊन लोकांना भूक लागते, म्हणून माझे मासे खपतात. तू गेलीस तर मी माशा मारत बसेन!" मग त्याने आवाज खाली आणला. "माझ्यावर डोळे वटारण्यापेक्षा नवऱ्याकडे बघ. मघाशी तंबूत ताटल्या द्यायला गेलो होतो. तिथं धुण्याच्या कामाला एक तरुण बाई आहे. दोघांचं हसणं-खिदळणं चाललं होतं."

"कोण बाई?"

"मी नाव घेणार नाही. तूच जाऊन बघ."

हेल्वेच्या अंगाची लाही लाही झाली. एंडेल आणि खिदळतो? आज त्याने इस्त्रीचा शर्टही घातला होता. घरी चमचा न विसळणारा माणूस सकाळपासून पेल्यांची खोकी उचलून लगबगीने पळत होता. या वयात!

"पिंपाकडे बघ," असं ऊनोला सांगून ती तरातरा निघाली. कोपरा गेला असता तर एकवेळ दुसरा मिळाला असता. पण एंडेल गेला तर तिचं म्हणावं असं कोण उरत होतं?

तिने तंबूचा पडदा हळूच बाजूला केला. दोघं पाठमोरी उभी राहून पेले पुसत होती. बाई सडपातळ होती, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने हसत एंडेलला कोपराने ढोसलं, आणि तोही हसला. हेल्वे पदर खोचल्यागत बाह्या सरसावून आत शिरणार, इतक्यात ती बाई बोलली.

"बाबा, तक्रार तूच केलीस, हे आईला कधी सांगणार आहेस?"