खडकापलीकडची हाक

त्या उजाड दरीत गेली चार वर्षं डोंगरी तितर कुणालाच दिसला नव्हता. तरी एका पक्षीवेड्या बाईंनी गुडघे धरून कुरकुरणाऱ्या नवऱ्याला पहाटेच वर आणलं आणि मोबाइलवर तितराची रेकॉर्ड केलेली हाक वाजवली. तिसऱ्या हाकेला मोठ्या खडकापलीकडून उत्तर आलं.

“अहो, आहे हो! एक तरी उरलाय!” बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

“वाजवत राहा, थांबू नकोस,” नवरा गुडघे विसरून म्हणाला.

हाक, उत्तर, पुन्हा हाक. दोघं दबकत खडकाला वळसा घालून गेले. पलीकडे एक टकले गृहस्थ उकिडवे बसले होते. त्यांच्या हातातल्या मोबाइलमधून तीच हाक वाजत होती.

डोळे पुसत ते कुजबुजले, “शूऽऽ, हलू नका! चार वर्षांनी आज पहिल्यांदाच उत्तर देतोय तो.”