डेस्कटॉपवरची गर्दी
संगणकाच्या पडद्यावरची सगळी आयकॉन्स एका सकाळी नाहीशी झाली. "पडदा साफ रिकामा आहे," असे निदान करून रूपरावांनी कंबर कसली. सेलूहून मेकॅनिक बोलावणे त्यांच्या तंत्रनिकेतनाच्या पदविकेला शोभणारे नव्हते. त्यांनी केबल्स तपासल्या, संगणकाचा डबा उघडून धूळसुद्धा पुसली. संध्याकाळी माउसच्या उजव्या बटणाखाली उपाय सापडला आणि आयकॉन्स परतली. रूपरावांनी ऐटीत पत्नीला बोलावले.

मनकर्णाबाई पडदा पाहून हिरमुसल्या. "काऊन आणले जी परत? मागच्या फोटोतल्या नातीचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून लेकीले फोनवर विचारून मीच लपवले होते."

रूपरावांनी चष्मा पुसला. दिवसभर ज्याला ते रिकामा पडदा म्हणत होते, त्यावर नात हसत होती. आता तिच्या नाकावर कचरापेटीचे आयकॉन बसले होते.