एकशे बारा वर्षांचं हस्तांदोलन

कॉलेजच्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे एकमेकांना भाऊ म्हणवणाऱ्या मुलांच्या मंडळात, येऊन टोबिनला तीनच आठवडे झाले होते आणि शपथेच्या दिवशी शिकवलेलं गुप्त हस्तांदोलन तो साफ विसरला होता. आज नेमके जुने सदस्य यायचे होते. त्यांच्यातले थॉर्नक्विस्ट दर वर्षी एका मुलाला आपल्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचं काम देत, आणि टोबिनला ते काम हवं होतं.

"एकशे बारा वर्षांत एकही भाऊ हे हस्तांदोलन विसरलेला नाही," त्याला रांगेत पहिला उभा करत अध्यक्ष हॉलिस म्हणाला. "तू विसरलास तर लेका, बाहेरच."

थॉर्नक्विस्टांनी हात पुढे केला. टोबिनने ऐन वेळी सुचलं ते केलं: करंगळीत करंगळी अडकवली आणि मनगटावर दोनदा टिचकी मारली.

म्हातारबांचे डोळे पाणावले. "चाळीस वर्षांत तसूभरही बदललं नाही बघ, पोरा." मग रांगेतल्या प्रत्येकाशी त्यांनी अगदी तसंच हस्तांदोलन केलं आणि प्रत्येकाने ते बिनचूक परत केलं.

पाहुणे जेवायला वळताच हॉलिस टोबिनच्या कानाशी लागला.



"तू पुढे होतास म्हणून वाचलो रे. मी तर पार विसरलो होतो."