पाच कायम संचालक

पाचवी लाल चिठ्ठी उलगडली, तिच्यावर फुली निघाली, आणि दूध संस्थेचे चौदा संचालक एकदम बंद पंख्याकडं बघायला लागले.

"कुनाची हाय?" पंधरावे, म्हणजे चेअरमन कोंडीराम म्हणाले.

"गुप्त मतदान आहे, काका," पूजा म्हणाली. "कायम संचालकांपैकी एकाला तुम्ही नको आहात, एवढंच लाल रंगावरून कळतं."

पूजा त्यांची पुतणी. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत नोकरी, संगमनेरजवळच्या गावी महिनाभर सुट्टीवर. आल्या दिवशीच काकांनी चहा पिता पिता तिच्याकडून तिथल्या कारभाराची सगळी माहिती काढून घेतली होती. आमसभेत देश केवढाही असो, मत एकच. याचं कोंडीरामांना नवल वाटलं नाही; त्यांच्या संस्थेतही एक म्हैस असो की बारा, मत एकच. पण सुरक्षा परिषदेत पंधरा सदस्य आणि त्यातले पाच कायम, त्यांना कुणी निवडायचं नाही की काढायचं नाही, हे ऐकल्यावर त्यांची बशी हातातच राहिली. सरचिटणीसाचं नाव या पाचांपैकी एकानं जरी नाकारलं तर पडतं, हे पूजानं दोनदा सांगितलं. कोंडीरामांच्या कानात 'कायम' एवढंच शिरलं.

खोटं वाटेल, पण आठवड्यात ठराव झालासुद्धा. पाच कायम संचालक: स्वतः कोंडीराम, मुलगा प्रशांत, मेव्हणा छगन, शाळेपासूनचा दोस्त वाल्मिक, आणि वीस वर्षांत जांभईशिवाय तोंड न उघडलेल्या बायडाबाई. चेअरमनची निवडही तिकडच्यासारखीच. आधी कच्चा कौल, म्हणजे नुसता अंदाज घ्यायचं मतदान. कायमांना लाल चिठ्ठी, बाकीच्यांना पांढरी. पसंत असेल तर बरोबरची खूण, नापसंत असेल तर फुली. पूजा हे समजावत होती तेव्हा कोंडीराम कोण कुणाशी कुजबुजतंय ते टिपत होते.

आता बावीस वर्षांची खुर्ची त्या एका फुलीवर अडली होती.

छगन घाम पुसत होता.

"का रं, घाम का फुटला?"

"उकडतंय, दाजी."

"जानेवारीत?"

वाल्मिकचे दात दिसत होते. "हसतोस कशापायी?"

"हसत न्हाई रे, कोंड्या. कवळी नवी हाय, बसत न्हाई अजून."

प्रशांत मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. "बापाच्या खुर्चीवर डोळा हाय व्हय तुजा?"

"आबा, तिचा एक पाय मोडलाय. मी काय करू तिला?"

बायडाबाईंनी जांभई दिली. इतकी निवांत बाई कोंडीरामांना सगळ्यात जास्त खटकली.

"काका, कच्चाच कौल आहे," पूजा म्हणाली. "पुन्हा घेता येतो. तिकडं पाच-सहा वेळासुद्धा घेतात."

"घिऊ की. पर आदी साफसफाई."

ठराव ज्यानं केला त्यानंच मोडला. चौघांचं कायमपणही गेलं आणि संचालकपणही. छगन "ताईला सांगतो" म्हणून उठला. वाल्मिक कवळी खिशात घालून गेला. प्रशांतनं गाडीची किल्ली बापापुढं टाकली आणि पायी निघाला. बायडाबाई दारात थांबल्या.

"आमी तुमालाच पसंत केलं हुतं, चेअरमन."

"सगळेच असं म्हनत्यात."

पूजानं नियम पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"एकदा ऐकलाय," कोंडीराम म्हणाले. "वाट चिठ्ठ्या."

दहा पांढऱ्या निघाल्या. दहांवर बरोबरची खूण. मग पूजानं एकुलती एक लाल चिठ्ठी उलगडली, काकांकडं बघितलं, आणि ती टेबलावर सरळ करून ठेवली.

फुली.

कोंडीरामांनी चिठ्ठीकडं बघितलं. मग दाराकडं. दारात कुणी नव्हतं.

"मग काय मारायचं हुतं?" ते हळूच म्हणाले. "बावीस वर्सं, हर मतपत्रिकेवर, माज्या नावाम्होरं मी फुलीचाच शिक्का मारत आलोय की!"