उरलेला अर्धा तुकडा

"इंजिन बंद कर," थेमेलिना म्हणाली. "आलं विमान."

मिकेसने इंजिन बंद केलं. नाव थोडी पुढे घसरली आणि थांबली. पाणी इतकं नितळ होतं, की तळाशी पडलेल्या विमानाचे दोन्ही पंख वरूनच दिसत होते. महायुद्धात पडलेलं ते विमान. बेटावरची पोरं त्याच्यावर सूर मारतच मोठी झाली होती.

सहा वर्षं म्हातारी मिकेसशी बोलली नव्हती. धक्क्यावर तो समोरून आला की ती रस्ता बदलायची. आज सकाळी मात्र ती स्वतःच त्याच्या नावेपाशी उभी राहिली. काळे कपडे, बोटांना पीठ, काखेत कापडाची पुरचुंडी.

"विमानापाशी ने मला," एवढंच म्हणाली.

पुरचुंडीत काय आहे, हे मिकेसला विचारावं लागलं नाही. कालीमनोस बेटावरचा पाणबुड्या पाण्यात उतरण्याआधी पावाचा तुकडा मोडतो. अर्धा खातो, अर्धा नावेत ठेवतो. वर आला की तो उरलेला खायचा. नाहीच आला, तर त्याच्या आईने तो जपायचा, आणि तो गेल्याची खात्री पटली की समुद्रात सोडायचा. सहा वर्षांपूर्वी थेमेलिनाच्या मुलाचा, सकेलारिसचा अर्धा तुकडा मिकेसनेच कापडात गुंडाळून तिच्या हातात ठेवला होता. तिने दार लावून घेतलं होतं.

"मावशी, सरकारी पाणबुड्यांनी तेव्हा सगळं शोधलंय."

"आणि तू काय करत होतास तेव्हा? तो खाली होता तेव्हा?"

"बुडबुडे बघत होतो."

हेच उत्तर त्याने पोलिसांना दिलं होतं, पाद्रीबुवांना दिलं होतं. सकेलारिसच्या बायकोला, सेवास्तीलाही दिलं होतं. बुडबुडे विमानाच्या पुढच्या फुटक्या काचेतून सारखे वर येत होते. बुडबुडे येतायत म्हणजे माणूस श्वास घेतोय. शिवाय सकेलारिस दमाचा पक्का. त्याचा आजोबा हवेचं नळकांडं न लावता, नुसता दगड धरून स्पंज काढायला तळाशी जायचा, आणि नातवाची छाती आजोबाचीच होती. म्हणून मिकेस निर्धास्त बसून राहिला. बुडबुडे थांबले तेव्हा त्याने उडी मारली. खाली कुणीच नव्हतं.

"मित्र बुडत होता आणि हा वर ऊन खात होता," कॉफीच्या दुकानात लोक म्हणायचे. "खाणारच. घरी मित्राची बायको होती ना!"

तेव्हा ते खोटं होतं. गेल्या दोन वर्षांत खरं झालं होतं, हीच तर पंचाईत होती. मिकेस सेवास्तीच्या उंबऱ्यावर मासे ठेवून यायचा. दार वाजवायचा नाही. पाद्रीबुवांचं म्हणणं ठाम होतं: प्रेत नाही, त्याची एखादी वस्तू नाही, तर नवरा जिवंतच धरायचा, बाईला दुसरं लग्न नाही.

"परवा सेवास्ती आली होती," थेमेलिना म्हणाली. "काही मागितलं नाही तिने. नुसती रडून गेली." मग पुरचुंडी मांडीवर घेत, "रात्री संत स्वप्नात आले. म्हणाले, शेपटीत बघ."

"शेपटीचं भोक जेमतेम हातभर आहे, मावशी. माणूस जाईल का त्यातून?"

"संतांना शहाणपण शिकव तू आता."

मिकेसने पाठीवर नळकांडं चढवलं. पाव मोडला, अर्धा खाल्ला. उरलेला कुठे ठेवावा म्हणून तो घुटमळला. म्हातारीने हात पुढे केला.

"दे इकडे. घाबरलास?"

"थोडा."

"माझ्या मुलाचा तुकडा तू मला आणून दिलास. तुझा मी कुणाला देऊ? तुझी तर आईही नाही."

तिचा चेहरा हलला नाही. मिकेसने तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि पाठीवर पडत पाण्यात गेला.

खाली सगळं शांत होतं. पंखांवर शेवाळ, चालकाच्या जागी एक जाडजूड मासा. वर पाहिलं तेव्हा नावेची सावली वाळूवर सरकत होती. नांगर नीट रुतला नाही की म्हातारीने दोर सोडला? मग सावली थांबली.

शेपटीवर जुनं जाळं अडकलेलं होतं. ते बाजूला करून त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. त्याचे स्वतःचे बुडबुडे भोकातून आत शिरले, छताला घासत पुढे गेले आणि फुटक्या काचेतून वर निघाले. बोटांना धातू लागला. नळकांडं. हवेची तोटी उघडी सोडलेली. त्याच्याभोवती कमरेला वजन म्हणून बांधायचा शिशाचा पट्टा, आजोबाच्या पितळी बकलाचा. नळकांड्याचे पट्टेही तुटलेले नव्हते. कुणीतरी कपड्याची घडी घालावी तसे गुंडाळून ठेवलेले होते.

शेवटी अडकला असेल बिचारा, सुटायची धडपड केली असेल, मिकेसला वाटलं. पट्टा घेऊन तो वर निघाला. मुखवट्याच्या आत डोळे भरून आले होते.

थेमेलिना नावेच्या काठावर वाकून बसली होती. तिने बकल डोक्याच्या रुमालाने पुसलं, ओठांना लावलं.

"ओळखतील?"

"अख्खं बेट ओळखेल, मावशी."

"मग पाद्रीबुवांना सांग, घंटा वाजवा. सेवास्तीला म्हणावं, चाळीस दिवस काळं घाल. पुढे तुमचं तुम्ही बघा."

तिने मिकेसचा तुकडा त्याला परत दिला. मग पुरचुंडी सोडली आणि आतला अर्धा पाव पाण्यात टाकला. तो बुडाला नाही. फुगून, पांढरा, लाटेवर डुलत राहिला. एका समुद्रपक्ष्याने झडप घालून तो उचलला.

मिकेस बघत राहिला. सहा वर्षांचा पाव दगडासारखा व्हायला हवा होता.

"मावशी, हा तर आजचा भाजलेला आहे. मी दिलेला तुकडा कुठे गेला?"

थेमेलिनाने कापडाची नीट घडी घातली.

"तो त्याने त्याच रात्री खाल्ला," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या."