बाईंना ताप

पहिलीच्या बाईंचं अंग सकाळपासून ठणकत होतं. तरी त्या शाळेत आल्या, कारण दुपारी पालकांसमोर मुलांचं नाटक होतं आणि आपल्याशिवाय सगळा विचका होणार, याची त्यांना खात्री होती.

"बाई, तुमचे डोळे लाल झालेत. ताप असला की घरी राहायचं, तुम्हीच सांगता ना?" पहिल्या बाकावरची चिमुरडी म्हणाली.

"अगं, साधी सर्दी आहे," असं म्हणेपर्यंत बाईंना सटासट शिंका आल्या. झाडून सगळ्या वर्गाने तोंडं कोपरात खुपसली. ओशाळलेल्या बाईंनी नाटक शेजारच्या वर्गाच्या सरांवर सोपवलं आणि पर्स उचलली.

चिमुरडी लांबूनच ओरडली,


"बाई, एकटं जायचं नाही हं! आई न्यायला येईपर्यंत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसा!"